वाघिणीचं दूध, प्रती फक्त हजार

१९९८ सालच्या डिसेंबरात ग्लासगोहून आमच्या साताऱ्याच्या घरी एक पार्सल आलं. माझा मावसभाऊ, आमचा दादा, तिकडे शिकायला होता. पार्सलमध्ये आईसाठी शॉर्टब्रेडचा डबा, बाबांसाठी लोकरीचा मफलर आणि मफलरच्या घडीत गुंडाळलेली नव्वद मिनिटांची एक कॅसेट. कॅसेटवर कंपनीचं नाव नाही, चित्र नाही, गाण्यांची यादी नाही. पट्टीवर निळ्या बॉलपेनने एकच शब्द : टायगरमिल्क. आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा वर सारून तो वाचला आणि म्हणाले, "वाघिणीचं दूध? हे तर विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजी भाषेला म्हणायचे. तिकडच्यांना कुणी सांगितलं?"

सोबत दादाची चिठ्ठी होती. ही रेकॉर्ड दुकानात मिळत नाही, असं त्याने लिहिलं होतं. हजारच निघाल्या, त्या संपल्या. मला खोलीवरच्या मुलाने भरून दिली, त्याला लीड्सच्या मैत्रिणीने, तिला कुणी दिली ते माहीत नाही. आवडली तर तूही कुणाला तरी भरून दे, न आवडली तर त्यावर आईला भजनं भरून दे.

आईला भजनं मिळाली नाहीत. त्या कॅसेटने मला जे दिलं त्याचा हिशेब मी पंचवीसेक वर्षं मांडतो आहे. मधल्या काळात या अल्बमवर लिहिलेलं जे हाती लागलं ते वाचलं. बँडचा बास गिटार वाजवणारा स्टुअर्ट डेव्हिड याने त्या पहिल्या वर्षावर २०१५ साली अख्खं पुस्तक लिहिलं, तेही वाचलं. एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. बेल अँड सेबॅस्टियन या स्कॉटिश बँडच्या या पहिल्या अल्बमला श्रोत्यांनी दाद दिली, म्हणजे बसल्या जागी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी कामं केली. कॅसेटी भरल्या, पोस्टाची तिकिटं चिकटवली, मतं टाकली, समुद्रकाठच्या छावणीत जाऊन राहिले. तीन वर्षं हा अल्बम दुकानांनी नाही, ऐकणाऱ्यांनी चालवला.

मुळात हजारच का, ती हकिगत गमतीची आहे.

ग्लासगोत स्टो कॉलेज नावाचं एक सरकारी कॉलेज होतं. तिथे संगीताचा धंदा शिकवणारा अभ्यासक्रम होता आणि मुलांना प्रात्यक्षिक म्हणून कॉलेजने स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली होती, इलेक्ट्रिक हनी. दरवर्षी एखादा स्थानिक बँड निवडायचा, त्याची एक सिंगल काढायची, कव्हर करायचं, छापून घ्यायची, विकायची. आपल्याकडे शेतकी कॉलेजची मुलं एक वाफा लावतात, तसा प्रकार. शिकवणाऱ्यांत अॅलन रँकिन होता, एके काळी गाजलेल्या द असोसिएट्समधला. १९९६ साली जो बँड निवडला गेला त्याच्याजवळ एका सिंगलपुरती नाही, पेटी भरून गाणी होती. मग वर्षाला एक सिंगल हा रिवाज मोडून कॉलेजने अख्खा अल्बम काढायचं ठरवलं. ग्लासगोतल्या सीएव्हीए स्टुडिओत आठवड्याच्या आत दहा गाणी उरकली. ६ जून १९९६ ला तबकडी बाहेर आली. सीडी नाही, कॅसेट नाही. फक्त तबकडी, फक्त हजार. बँडचा ड्रमवाला रिचर्ड कोलबर्न त्याच अभ्यासक्रमाचा विद्यार्थी होता. म्हणजे आपल्या भाषेत थोडा वशिला होता म्हणायचा.

गाणी ज्याची होती तो स्टुअर्ट मर्डॉक तेव्हा सत्तावीस वर्षांचा. कॉलेजच्या वयात त्याला अतिथकव्याचा दीर्घ आजार जडला. तो माणसाला अंथरुणात नाही तर अंथरुणाच्या आसपास ठेवतो. सुमारे सात वर्षं त्याला ना धड शिक्षण करता आलं ना नोकरी. त्या काळात तो पियानोशी बसायचा, खिडकीतून बघायचा, बसमधून शहर हिंडायचा आणि गाणी करायचा. आपल्याला कुमार गंधर्वांची देवासमधली वर्षं आठवतात. फुप्फुसाच्या आजाराने गाणं बंद, आणि खाटेवरून कानावर पडणारी माळव्याची लोकगीतं. दोघांची तुलना करायचा वेडेपणा मी करणार नाही. पण सक्तीने स्वस्थ पडलेल्या माणसाचा कान वेगळा तयार होतो, एवढं दोन्हीकडे दिसतं. बरा होऊ लागल्यावर मर्डॉक बेकार संगीतकारांसाठीच्या बीटबॉक्स नावाच्या सरकारी वर्गात गेला, तिथे त्याला स्टुअर्ट डेव्हिड भेटला. मग गिटारवर स्टीव्ही जॅक्सन, चेलो घेऊन इझोबेल कॅम्पबेल, पेटीवर म्हणजे कीबोर्डवर ख्रिस गेडिस. बँडचं नाव सेसील ऑब्री या फ्रेंच लेखिकेच्या मुलांच्या गोष्टीवरून उचललं. त्या गोष्टीत सेबॅस्टियन हा मुलगा आणि बेल ही त्याची कुत्री.

आता पहिली प्रतिक्रिया. रेकॉर्डच्या प्रकाशन समारंभाच्या रात्री आलेल्या पाहुण्यांना तबकड्या वाटल्या गेल्या आणि काहींनी त्या चकतीसारख्या हवेत भिरकावून खेळ मांडला, असं सांगतात. मर्डॉकला ते बघवलं नाही म्हणे. गोष्ट तिखटमीठ लागून मोठी झाली असेल, पण मला ती खोटी वाटत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूशी माणसं असंच वागतात. त्याच हजारांतली एक प्रत पुढे दोनेक वर्षांत शेकडो पौंडांना विकली जाऊ लागली. भिरकावणाऱ्यांपैकी कुणाच्या पोटात कधी कालवलं असेल का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

त्या उन्हाळ्याचं चित्र डोळ्यांसमोर आणायला हवं. ऑगस्टमध्ये ओएसिस या बँडने इंग्लंडात नेबवर्थच्या मैदानावर लागोपाठ दोन रात्री गायन केलं. अडीच लाख माणसं आली आणि तिकिटासाठी पंचवीस लाखांहून जास्त लोकांनी अर्ज केले होते. सगळा ब्रिटन मोठ्या आवाजात, छाती काढून गात होता. आणि दोन महिने आधी ग्लासगोत हा एक माणूस, कुणाची झोपमोड होईल की काय अशा आवाजात, हजार प्रतींपुरतं गाऊन मोकळा झाला होता. बीबीसीच्या रेडिओ वनवर मार्क रॅडक्लिफ रात्रीच्या कार्यक्रमात ही गाणी लावू लागला. रात्री दहानंतर रेडिओ ऐकणारा श्रोता वेगळा असतो. तो एकटा असतो, दिवा मालवलेला असतो. अशा खोल्यांमध्ये ही गाणी गेली आणि दुसऱ्या दिवशी ती मुलं दुकानात विचारायला गेली, तेव्हा दुकानात काही नव्हतं.

ऐकू आलं पण मिळत नाही, या अवस्थेतून पुढचं सगळं झालं.

जीपस्टर नावाच्या लंडनच्या छोट्या कंपनीने बँडशी करार केला. त्यांनी पहिला अल्बम पुन्हा छापला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण बँडने पाच महिन्यांत दुसरा अल्बम दिला, 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर'. तो सगळीकडे मिळत होता. समीक्षकांनी उचलून धरला तोही तोच. तो ऐकून वेडे झालेले लोक मागे वळून पहिला शोधू लागले आणि पहिला नव्हता. १९९७ च्या मे महिन्यात एका छोट्या रेकॉर्डवर पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं आलं, पण ते जुन्या कच्च्या ध्वनिमुद्रणातलं. म्हणजे भुकेल्यासमोर ताटाचा फोटो. वर बँडवाले मुलाखती देत नव्हते, स्वतःचे फोटो देत नव्हते, चर्चच्या सभागृहात आणि वाचनालयात कार्यक्रम करत होते. मर्डॉक स्वतः एका चर्चच्या सभागृहावरच्या खोलीत राखणदार म्हणून राहत होता. काहींना हे नाटक वाटलं. मला वाटतं थोडं लाजणं होतं, थोडं नाटकही होतं, आणि दोन्ही एकमेकांत इतकं मिसळलं होतं की त्यांचं त्यांनाही वेगळं करता आलं नसतं.

ज्यांच्याकडे तबकडी होती त्यांच्यावर मग जबाबदारी आली. डबल डेकमध्ये कॅसेट घालायची, तबकडीवर सुई ठेवायची आणि चाळीसेक मिनिटं बसून राहायचं. मध्येच उठून बाजू बदलायची. त्या वेळात फोन वाजला, कुणी दार आपटलं की सुई उडायची. अल्बम चाळीस मिनिटांच्या थोडा वर, त्यामुळे नव्वदच्या कॅसेटच्या एका बाजूला तो पुरा बसायचा आणि दुसऱ्या बाजूला 'सिनिस्टर'ही बरोबर बसायचा. हा योगायोग या बँडच्या प्रसाराला किती उपयोगी पडला असेल! एका कॅसेटमध्ये जोडी. दादाची कॅसेटही अशीच होती.

हे सगळं मराठी माणसाला नवं वाटू नये. गाणं ऐकणाऱ्या आपल्या घरांत खासगी मैफलींच्या टेपा अशाच फिरल्या. आजोबांच्या कपाटात एका मोठ्या गवयाच्या घरगुती बैठकीची टेप होती. तिच्यात विलंबित ऐन रंगात आलेला असताना कपबशी वाजते. आजोबांना तो राग इतरत्र ऐकताना त्या जागी कपबशी वाजली नाही की चुकल्यासारखं व्हायचं. मूळ गाणं कोणतं आणि आपण ऐकलेलं कोणतं, ही सरमिसळ एकदा झाली की सुटत नाही.

टायगरमिल्कचंही तेच झालं. कॅसेटवरून कॅसेट भरली की दर वेळी एक थर 'सूं'चा चढतो. वरचे, चमकते आवाज आधी मरतात. झांज गेली, श-स गेले, शब्दांच्या कडा गेल्या. दोन डेकांचा वेग तंतोतंत सारखा नसला तर गाणं किंचित वर किंवा खाली सरकतं. मर्डॉकचा आवाज आधीच हळू, त्यात ग्लासगोचे हेल. माझ्यापर्यंत आला तो तिसऱ्या की चौथ्या पिढीचा, धुक्यातून बोलणारा. चेलो टिकला, ट्रंपेट टिकला, शब्द निम्मे गेले. मग आम्ही अंदाजाने शब्द भरले. साताऱ्याच्या गच्चीवर बसून एका स्कॉटिश माणसाची इंग्रजी गाणी मी जवळजवळ स्वतःच लिहून काढली. पुढे खरी ऐकली तेव्हा माझ्या काही ओळी बऱ्या होत्या असं अजूनही वाटतं.

पाचवं गाणं 'इलेक्ट्रॉनिक रेनेसन्स'. बाकी गाण्यांत गिटार, चेलो, पियानो, आणि इथे एकदम यंत्राचे ठोके, सिंथेसायझर आणि फोनवरून आल्यासारखा चेपलेला आवाज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं टेप अडकली. कापसाला स्पिरिट लावून डेकचं हेड पुसलं, कॅसेट काढून पेन्सिलीने घट्ट गुंडाळली, पुन्हा लावली. तेच. सीडीवरही तेच निघालं. या गाण्यावरून ऐकणाऱ्यांत तट पडतात, ते आजही आहेत. काहींना ते मध्येच घुसलेलं परकं गाणं वाटतं. मी दुसऱ्या तटातला. सगळी बैठक एकाच रंगात चाललेली असताना कुणीतरी उठून खिडकी उघडावी, तसं ते येतं.

गाणी कशाबद्दल आहेत, हे सांगायला हवं, कारण या बँडवर सर्वांत जुना आरोप आहे तो गोग्गोडपणाचा. ब्रिटिश समीक्षकांकडे त्यासाठी एक खास शब्द आहे. मराठीत आपण 'शामळू' म्हणू. बारीक आवाज, चेलो, शाळेच्या आठवणी, अंगावर लोकरीचं जर्किन. २००० साली आलेल्या 'हाय फिडेलिटी' या चित्रपटात तर ही प्रतिक्रिया पडद्यावरच आली. शिकागोतलं रेकॉर्डचं दुकान, सोमवार. एक मवाळ नोकर या बँडचं गाणं लावून बसलेला असतो, तेवढ्यात जॅक ब्लॅकने रंगवलेला दांडगा नोकर येतो, रडकं संगीत म्हणून शिवी हासडतो, कॅसेट उपटून काढतो आणि स्वतःची लावून नाचू लागतो. चित्रपटगृहात लोक त्याच्या बाजूने हसतात. मीही हसलो. बँडला याहून मोठी जाहिरात कुणी दिली नसेल.

पण शामळू म्हणणाऱ्यांनी शब्द ऐकलेले नसतात. पहिलंच गाणं घ्या, 'द स्टेट आय अॅम इन'. एक गिटार आणि जवळजवळ कुजबुज. निवेदक सांगतो की बहिणीच्या लग्नाच्या दिवशी भावाने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं आणि त्यामुळे घरच्यांचं आपल्यावरचं लक्ष थोडे दिवस हटलं. म्हणजे भावाच्या आयुष्यातला सर्वांत अवघड दिवस, आणि हा त्यात स्वतःची सुटका बघतो. पुढे तो हद्दपारीतून वाचवायला म्हणून एका पोरीशी घाईने लग्न करतो. पाद्र्याकडे जाऊन पापं कबूल करतो, तर पाद्री ती सगळी लक्षात ठेवून त्यांची एक स्वस्त कादंबरी लिहून काढतो. कादंबरीचं नाव गाण्याचंच. ही गोडगोडी नाही. सभ्य आवाजात सांगितलेला लबाडपणा आहे, आणि सांगणाऱ्याला तो माहीत आहे. वाद्यं एकेक करून येतात, ढोल उशिरा येतो, आणि तो आला की आतापर्यंत आपण श्वास धरून बसलो होतो हे कळतं. दुसरं गाणं शाळेतल्या एका मुलीचं. मोठी माणसं तिच्याकडे नको तसं बघतात, वर्गातली पोरं छळतात आणि ती आपली मातीतून व्हेल्वेट अंडरग्राउंड या बँडचे पुरुषभर पुतळे घडवत बसते. चाल मात्र अशी की पाय आपोआप ठेका धरतो.

ही मुलगी म्हणजे आपणच, असं हजारो ऐकणाऱ्यांना वाटलं. वर्गात ज्यांना शेवटी निवडतात, ज्यांचा डबा कुणी मागत नाही, आजारपणात ज्यांचं वर्ष गेलं, अशांना. नेबवर्थच्या मैदानात त्यांना जागा नव्हती. त्यांना कुणीतरी कानाशी येऊन सांगितलं की तुझ्या बसच्या खिडकीतूनही गाणं निघतं. मर्डॉकने पुढे आपल्या आजारावर उघड लिहिलं. २०२४ साली त्याची 'नोबडीज एम्पायर' ही कादंबरी आली, तिचा नायक त्याच आजाराचा. पण १९९६ मध्ये हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ऐकणाऱ्या आजारी माणसांनी ते आवाजावरून ओळखलं असणार. थकलेला माणूस थकलेल्याला ओळखतो.

अशा लोकांचं बळ किती, हे फेब्रुवारी १९९९ मध्ये अचानक दिसलं. ब्रिट पुरस्कारांमध्ये उत्कृष्ट नवोदितांचा पुरस्कार रेडिओ वनच्या श्रोत्यांच्या मतांवर ठरायचा. स्पर्धेत स्टेप्स हा पोरासोरांचा अतिशय लोकप्रिय पॉप गट होता. जिंकलं बेल अँड सेबॅस्टियनने. तोवर त्यांचा तिसरा अल्बम येऊन गेला होता, म्हणजे नवोदित हा शब्दच विनोदी. पुरस्कार घ्यायला ड्रमवाला कोलबर्न आणि ट्रंपेटवाला मिक कुक हे दोघं गेले. दुसऱ्या दिवशी गिल्ला सुरू झाला. स्टेप्सच्या पाठीशी असलेला निर्माता पीट वॉटरमन चिडला, मतांत गडबड झाल्याचे आरोप झाले, लोकप्रिय वृत्तपत्रांनी बातम्या रंगवल्या. कुणालाच माहीत नसलेला बँड जिंकतोच कसा? उत्तर सोपं होतं. स्टेप्सला ऐकणारे लाखो होते, पण त्यांच्या दृष्टीने ते गाणं होतं आणि संध्याकाळी दुसरं गाणं होतं. इकडे ऐकणारे थोडे होते, पण ज्याने चाळीस मिनिटं डेकसमोर बसून अनोळखी माणसासाठी कॅसेट भरली आहे, तो मत द्यायला चुकत नाही. ते एकमेकांना ई-मेलने आणि पत्रांनी ओळखत होते. याला गडबड म्हणायचं तर आपल्या प्रत्येक सोसायटीची निवडणूक गडबड आहे.

एप्रिल १९९९ मध्ये बँडने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅम्बर सँड्स इथे 'बोली वीकेंडर' भरवला. सुट्टीतल्या कुटुंबांसाठी बांधलेली स्वस्त खोल्यांची छावणी तीन दिवसांसाठी घेतली आणि फ्लेमिंग लिप्स, मर्क्युरी रेव्ह, मोगवाय असे आपल्याला आवडणारे बँड बोलावले. चिखल नाही, तंबू नाहीत. ऐकणारे आणि गाणारे एकाच रांगेत, शेजारशेजारच्या खोल्यांत. दुधाची पिशवी आणायला निघालेला माणूस आपल्या आवडत्या गिटारवाल्याला ओलांडून जायचा. त्या जागेतून पुढे 'ऑल टुमॉरोज पार्टीज' ही उत्सवांची मालिका निघाली, पण तो वेगळा विषय.

अखेर जुलै १९९९ मध्ये जीपस्टरने टायगरमिल्क पुन्हा काढला, सीडीवरही. तीन वर्षं जुनी, कॉलेजच्या प्रात्यक्षिकातली रेकॉर्ड, आणि ब्रिटनच्या अल्बमांच्या यादीत ती तेराव्या क्रमांकावर गेली. ज्यांनी कॅसेटी भरल्या होत्या त्यांनीच पहिल्या आठवड्यात ती विकत घेतली असणार. फुकट भरून घेणाऱ्यांमुळे संगीताचा धंदा बुडतो, हे तेव्हा रेकॉर्ड कंपन्या छातीठोक सांगत होत्या. या एका उदाहरणावरून सगळ्यांना लागू होणारा नियम काढणार नाही, पण इथे तरी ती भरलेली कॅसेट म्हणजे दिलेला शब्द होता. मिळेल तेव्हा घेईन, असा.

सगळेच खूश झाले असं नाही. काहींचा हिरमोड झाला. आपल्याजवळ असलेली गुप्त गोष्ट चौकात आली याचं दुःख समजू शकतो, पण मला त्याबद्दल सहानुभूती नाही. दुर्मीळ वस्तू बाळगण्याचा आनंद हा संगीताचा आनंद नाही, तो लॉकरचा आनंद आहे. दुसरी तक्रार जास्त खरी होती. सीडी फार स्वच्छ वाटत होती. धुकं गेलं आणि धुक्याबरोबर थोडी भीतीही गेली. आजोबांची कपबशी, दुसरं काय.

माझी सीडी दादा २००० च्या मे महिन्यात येताना घेऊन आला. तेव्हा पहिल्यांदा कव्हर बघितलं. एकरंगी छायाचित्र, एक तरुण बाई, आणि तिच्या छातीशी खेळण्यातलं वाघाचं पिल्लू दूध पितंय. इतके दिवस मी नाव वाचून वाघिणीचं दूध माणसं पितात असं धरून चाललो होतो, चिपळूणकरांच्या चालीवर. इथे उलटं होतं. माणूस वाघाला पाजत होता. आजोबा तोवर गेले होते, नाहीतर त्यांच्याशी यावर एक दुपार गेली असती. पाकिटात मर्डॉकने लिहिलेली बेल आणि सेबॅस्टियनची छोटी गोष्टही होती, तीही मी कधी वाचलेली नव्हती.

आणि मागच्या बाजूला गाण्यांची यादी. मोजली. दहा.

माझ्या कॅसेटवर नऊ होती. दीड वर्ष मी हा नऊ गाण्यांचा अल्बम समजत होतो. शेवटी एक गाणं सुरू होऊन लगेच खट्‌ आवाज यायचा आणि बाजू संपायची. ती पुढच्या कुठल्यातरी अल्बमची सुरुवात असेल असं मला वाटायचं. आता उलगडा झाला. साखळीतल्या कुणीतरी, लीड्सच्या मुलीने किंवा तिच्या आधीच्याने, बाजूच्या सुरुवातीला दुसऱ्याच बँडची दोन गाणी भरली होती. तेवढ्याने चाळीसचं गणित चुकलं आणि शेवटचं 'मेरी जो' टेपच्या कडेवरून खाली पडलं.

ते गाणं ऐकलं तेव्हा चरफडलो. कारण 'मेरी जो'मध्ये एक पुस्तक आहे, आणि त्याचं नाव 'द स्टेट आय अॅम इन'. पहिल्या गाण्यात पाद्र्याने लिहिलेली ती स्वस्त कादंबरी दहाव्या गाण्यातल्या एकट्या बाईच्या घरी पोचलेली आहे. कुणाची तरी पापं, तिसऱ्याने लिहून काढलेली, चौथ्याच्या हाती. ज्या अल्बमच्या पोटात हीच गोष्ट आहे, तो लोकांपर्यंत नेमका तसाच गेला, आणि माझ्या प्रतीतून नेमकं तेवढंच पान गळालं होतं.

दादाच्या चिठ्ठीप्रमाणे मी १९९९ मध्ये ती कॅसेट तिघांना भरून दिली होती. एक माझ्या वर्गातला, एक राजवाड्याजवळच्या कॅसेटच्या दुकानात कामाला असलेला मुलगा, आणि एक पुण्याच्या एसटीत ओळख झालेली मुलगी, जिने स्वारगेटला उतरताना पत्ता लिहून दिला होता. तिघांचाही आता ठावठिकाणा नाही. तिघांपैकी कुणाच्या हाती हा अंक पडला तर सांगायचं एवढंच की अल्बम नऊ गाण्यांचा नाही. शेवटचं राहिलं आहे. 'मेरी जो' नाव, साडेतीन मिनिटांचं आहे, आता सगळीकडे मिळतं.